चेरी टोमॅटो: एकच खोड की दोन?
आमच्या रत्नागिरीत पाऊस सरला की ऑक्टोबरात रोपं लावतो, आणि चेरी टोमॅटो वेलासारखा सुटला की प्रश्न येतोच. एकच खोड ठेवायचं तर पानाच्या बेचक्यातले फुटवे बोटभर असतानाच खुडायचे, खोड सुंभाला गुंडाळत वर न्यायचं. हवा खेळती राहते, पानांवरचा करपा रोग कमी, कुंड्या एकमेकींजवळ मावतात, पण दर आठवड्याला बघावंच लागतं आणि घडही कमी. दोन खोडांना फळं भरपूर, फक्त बांबूचा आधार मजबूत पाहिजे नाहीतर वजनाने फांदी मोडते. मला दोनच आवडतात, पहिल्या फुलाच्या लगेच खालचा फुटवा ठेवते, तो जोमदार असतो. जमिनीला टेकणारी पानं दोन्हीत काढाच, वरची मात्र नको, मार्चच्या उन्हात फळं भाजतात.