संजय गांधी निराधार अनुदान योजना : एका अर्जाचा सव्वा वर्षाचा अनुभव

माझा धाकटा भाऊ 46 वर्षांचा आहे. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्याचे दोन्ही पाय अधू आहेत आणि कॅलिपर व कुबड्यांच्या आधाराने तो चालतो. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात त्याने 22 वर्षे पुस्तके शिवण्याचे काम केले. तो कारखाना बंद पडल्यावर त्याला नियमित उत्पन्न उरले नाही, म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये आम्ही संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज केला. पहिले पैसे हातात पडले ते मे 2025 मध्ये. पुण्यात दिव्यांगांसाठी हा अर्ज करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून ही सेवा आम्हाला कशी मिळाली ते सविस्तर लिहीत आहे. कार्यालयाचे आणि बँकेचे नाव मी मुद्दाम देत नाही.

योजना मुळात चांगली आहे आणि ती आवश्यकच आहे. राज्यात ती 1980 पासून चालू आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व, 65 वर्षांखालील वय, राज्यात किमान 15 वर्षांचे वास्तव्य आणि दिव्यांगांच्या बाबतीत 50,000 रुपयांच्या आतील वार्षिक कौटुंबिक उत्पन्न या तिच्या मुख्य अटी आहेत. पन्नास हजारांना बाराने भागले तर महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा होत नाहीत, आणि पुण्यात तेवढ्यात एका खोलीचे भाडेही भागत नाही. त्यामुळे खरोखर अडचणीत असलेली कितीतरी घरे या अटीपाशीच अडतात. अनुदान जुलै 2023 पासून दरमहा 1,500 रुपये झाले आणि दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर 2025 पासून 2,500 रुपये करण्यात आले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 24 मध्ये म्हटले आहे की, इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना मिळणारे साहाय्य किमान 25 टक्क्यांनी अधिक असले पाहिजे. तरीही या वाढीपर्यंत निराधार विधवा भगिनींना आणि दिव्यांगांना एकच रक्कम मिळत होती. वाढ झाली याचा आम्हाला मनापासून आनंद आहे, पण ती कायद्यानेच देय होती, हेही नोंदवले पाहिजे.

आता सेवेविषयी. अर्ज घेणारी शाखा इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती आणि आमच्या पहिल्या तीनही खेपांना लिफ्ट बंद होती. जिथे येणाऱ्यांत दिव्यांग आणि वृद्धच अधिक असतात, ती शाखा वरच्या मजल्यावर का ठेवावी, हे मला अजूनही समजलेले नाही. अस्तित्वातील सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन याच कायद्यात आहे आणि ती मुदत 2022 मध्येच संपली. भाऊ कठड्याला धरून एकेक पायरी चढला. तिसऱ्या खेपेला मात्र तो जिन्याखालीच थांबला आणि म्हणाला, "ताई, तूच जाऊन ये." वर गेल्यावर मला सांगण्यात आले की अर्जदार समोर हवा.

पण जिना आणि रांग यांपेक्षा मोठा त्रास कारण न कळण्याचा होता. अर्जात त्रुटी असेल तर ती तोंडी सांगितली जाते, आणि एका वेळी एकच. पहिल्या खेपेला उत्पन्नाचा दाखला जुना झाल्याचे कळले. सेतूतून नवा काढून आणला तेव्हा 1998 चा कागदी अपंगत्वाचा दाखला चालणार नाही, वैश्विक ओळखपत्र म्हणजे युडीआयडी कार्ड लागेल, असे सांगितले गेले. त्यासाठी एका शासकीय रुग्णालयात ठरलेल्या वारी जाऊन, चाळीस वर्षांहून जुन्या पोलिओची पुन्हा तपासणी करून घ्यावी लागली. ते कार्ड आल्यावर शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नावात एका वेलांटीचा फरक असल्याचे निघाले आणि प्रतिज्ञापत्र करावे लागले. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून मिळाल्या असत्या, तर आमच्या किमान चार खेपा वाचल्या असत्या. एका खेपेला रिक्षाचे जाऊन-येऊन 240 रुपये लागत होते, आणि ज्याच्यासाठी ही योजना आहे त्याच्याकडे ते नसतात, म्हणूनच तर तो अर्ज करतो.

कागद पूर्ण झाल्यावरही प्रकरण समितीच्या बैठकीत मंजूर व्हावे लागते. आमच्या नशिबी 2024 मध्ये आधी लोकसभेची आणि नंतर विधानसभेची आचारसंहिता आली. बैठक कधी होणार, या प्रश्नाला प्रत्येक वेळी "पुढच्या महिन्यात येऊन बघा" एवढेच उत्तर मिळाले.

जानेवारी 2025 मध्ये मंजुरी मिळाली, पण खात्यात काही जमा होईना. कार्यालय म्हणे पैसे सोडले आहेत, बँक म्हणे आलेले नाहीत. यात नक्की काय घडते ते मी मुद्दाम सांगते, कारण अनेकांचे पैसे इथेच अडतात. थेट लाभ हस्तांतरणात रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही. आधार शेवटी ज्या बँकेशी जोडले गेले असेल, त्या बँकेतील खात्यात ती जाते. भावाने काही वर्षांपूर्वी गॅसच्या अनुदानासाठी दुसऱ्या एका बँकेत खाते उघडले होते आणि नंतर ते वापरले नव्हते. चार महिन्यांचे अनुदान तिथे जमा होत राहिले. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दोन मिनिटांत दिसते. अर्ज करण्यापूर्वीच ती पाहून घ्यावी. ही माहिती आम्हाला शाखेतील एका तरुण लिपिक महिलेने दिली. स्वतःच्या संगणकावर यादी उघडून, भावाला खुर्ची देऊन, त्याला समजेल अशा शब्दांत तिने सर्व सांगितले. पंधरा महिन्यांत त्याच्याशी थेट बोललेली ती पहिली व्यक्ती होती. बाकी सर्व जण त्याच्याविषयी माझ्याशी बोलत असत.

आम्हाला उपयोगी पडले ते लेखी पत्र. ऑगस्टनंतर मी प्रत्येक विचारणा दोन प्रतींत लिहून आवक विभागात दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घेतला. तोंडी उत्तर देणारेही पोच पाहिल्यावर फाइल काढू लागले. त्यानेही काम झाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी लोकशाही दिन असतो.

योजनेला मी पाचपैकी चार गुण देईन, सेवेला दीड. त्यातला एक त्या लिपिक महिलेचा आहे.

एक प्रश्न अजून उरला आहे. आम्हाला अनुदान मंजुरीच्या महिन्यापासून मिळाले, अर्जाच्या महिन्यापासून नाही. फेब्रुवारी ते डिसेंबर 2024 या 11 महिन्यांचे 16,500 रुपये होतात आणि त्या काळातला बराचसा विलंब आमच्यामुळे झालेला नव्हता. ही रक्कम का मिळाली नाही, ते कोणत्या नियमानुसार, हे आम्ही जून 2025 मध्ये लेखी विचारले. पोच भावाच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावलेली आहे. उत्तर आलेले नाही.