पत्र्यावर पाच, आत दोन: जनरेटर घेताना झालेली आमची फसवणूक

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे कोकणात हायवेच्या कडेला जनरेटर विकणारे टेम्पो आणि तात्पुरत्या शेड उभ्या राहतात. त्यातले सगळेच लबाड नसतात. पण आम्हाला जो भेटला तो पुरता लबाड होता. त्याचं बोलणं, दाखवणं, बिल देणं सगळं इतकं घोटून ठेवलेलं होतं, की हे त्याने एका आमच्याशीच केलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून जे झालं ते आणि नंतर जे कळलं ते, दोन्ही सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राला लागून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब रस्त्यावर आले. काही गावांत लाइट यायला कितीतरी आठवडे गेले. विहीर भरलेली, पण पंप बंद, आणि रहाट कधीच काढून टाकलेला. सासूबाईंना इन्सुलिन लागतं. ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवून दिवस काढले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि पुन्हा तेच. तेव्हापासून घरात जनरेटर हवाच, हे ठरलेलं होतं. पैसे साठायला वेळ लागला, इतकंच.

हिशेब आम्ही नीट करून घेतला होता. ओळखीच्या वायरमनने सांगितलं, की दीड एचपीचा पंप चालताना दीड हजार वॅटच्या वर ओढतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट-चौपट मागतो. त्यात फ्रिज, दोन पंखे, दिवे. म्हणजे खरोखरचा पाच केव्हीएचा जनरेटर हवा (केव्हीए म्हणजे जनरेटर किती वीज देऊ शकतो त्याचं माप). गेल्या वर्षी मे महिन्यात हे तेवढाच आकडा मनात धरून गेले, आणि तोच आकडा त्या शेडमधल्या मशीनवर मोठ्या अक्षरात होता: ५ केव्हीए, १३ एचपी, १०० टक्के कॉपर.

"काका, शोरूमला जाल तर हेच मशीन लाखाच्या घरात पडेल. हा कस्टममधून सुटलेला लॉट आहे, म्हणून निम्म्यात देतोय. उरलेली तीनच आहेत." बोलणारा तिशीचा, अतिशय अदबशीर मुलगा. पंपावर चालवून दाखव म्हटल्यावर त्याने हसून सांगितलं, "इथे विहीर कुठून आणू काका? पण लोड दाखवतो ना." त्याच्याकडे प्लायवूडचा एक बोर्ड होता, त्यावर वीस बल्ब. जनरेटर सुरू केला, सगळे बल्ब लखलखले. मग त्याने हातातला ग्राइंडर लावून हवेत घुर्रर्र फिरवला. बल्ब जरासुद्धा मंद झाले नाहीत.

आता त्या बोर्डाचं गणित सांगते. बल्ब नऊ-नऊ वॅटचे एलईडी होते. वीस बल्ब म्हणजे १८० वॅट, आपल्या इस्त्रीच्या पाव भागाहूनही कमी. आणि ग्राइंडर लोखंडावर टेकवला तर वीज खातो, नुसता हवेत फिरवला तर फारशी खात नाही. डोळ्याला मोठा दिसणारा पण प्रत्यक्षात किरकोळ भार लावून दाखवायचा, हीच त्याची खरी युक्ती. गिऱ्हाईक बल्ब मोजतं, वॅट कोण मोजणार?

जुलैत पहिल्यांदा रात्रभर लाइट गेली. सकाळी पंप लावला. पंपाने नुसतंच घूं केलं, इंजिन दबलं, सायलेन्सरमधून काळा धूर आला आणि घरातले दिवे विझल्यासारखे झाले. यांनी मल्टीमीटर लावून पाहिलं, २३० ऐवजी दीडशेच्याही खाली व्होल्टेज. पंप काढला तर काटा एकदम वर उडाला, फ्रिजचा स्टॅबिलायझर कटकट करत बंद पडला. त्याच्यामुळे फ्रिज वाचला. थोड्या वेळाने जळक्या वार्निशचा वास आला, तो ओळखीचाच वास, मोटर जळते तेव्हाचा. वॉरंटी कार्डावरचा नंबर बंद. शेडच्या जागी तोवर शहाळीवाला बसलेला.

मशीन माणगावला एका जुन्या रिवायंडिंगवाल्याकडे नेलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, कारण त्याने दुरुस्तीचे पैसे उकळण्याऐवजी सगळं उघडून समजावलं. जळालेल्या वायरीची एक तार काढली, ब्लेडने खरवडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "वहिनी, बघा. वरून तांबडी, आतून पांढरी." वरचा रंग तांब्याचा, आत अॅल्युमिनियम. तो पुढे जे म्हणाला तेही सांगायला हवं. अॅल्युमिनियमचं वायंडिंग म्हणजे फसवणूकच असं नाही. काही कंपन्या उघडपणे ते वापरतात, पण मग तार जाड घ्यावी लागते, कारण तेवढ्याच जाडीच्या अॅल्युमिनियमच्या तारेची वीजवाहकता तांब्याच्या साधारण साठ टक्केच असते. इथे तार बारीक ती बारीकच, आणि वर कॉपरचा शिक्का.

मग त्याने इंजिनचं हेड खोललं. सिलिंडरच्या बाजूला ओतीव आकडा असतो, तो ग्राइंडरने घासून टाकलेला होता. त्याने व्हर्नियर लावला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५४. याचा हिशेब १९६ सीसी होतो. खऱ्या पाच केव्हीएच्या पेट्रोल जनरेटरला ३९० सीसीच्या आसपासचं इंजिन लागतं, त्याचं माप ८८ आणि ६४ असं असतं. १९६ सीसीच्या इंजिनातून सतत दोन, फार तर अडीच केव्हीए निघतात. फ्रेम, टाकी, चाकं मात्र मोठ्या मशीनची लावलेली. टेम्पोतून उतरवताना आमच्या दोन पोरांनी ते सहज उचललं होतं, आणि खरं पाच केव्हीएचं मशीन ऐंशी किलोच्या आसपास भरतं.

म्हणून सांगते, स्टिकर कितीही छापता येतो, पण इंजिनची सीसी आणि वजन लपवणं अवघड असतं. घेताना सीसी विचारा, ती बिलावर लिहून घ्या, आणि मशीन चक्क काट्यावर चढवा. केव्हीएच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात 'मॅक्स' लिहिलंय का तेही बघा. मॅक्स म्हणजे काही क्षण जेवढा भार झेपेल तेवढा. रोजच्या कामाचा आकडा 'रेटेड' हा असतो. तोही केव्हीए आहे की किलोवॅट, हे विचारून घ्या. पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.८ धरला तर पाच केव्हीएचे चारच किलोवॅट होतात.

आणि भार तुमचा तुम्ही घेऊन जा. पाणी तापवायचे १५०० वॅटचे दोन रॉड आणि दोन बादल्या पुरतात. विक्रेत्याचा बोर्ड बाजूला ठेवायला सांगा, रॉड पाण्यात बुडवा, मग चालू करा. पाच केव्हीए म्हणून विकलेल्या मशीनने तीन हजार वॅट पंधरा-वीस मिनिटं कुरकुर न करता ओढले पाहिजेत. मल्टीमीटरवर व्होल्टेज २३० च्या आसपास टिकलं पाहिजे, फ्रिक्वेन्सी ५० च्या आसपास. रिकामं असताना ५२ दाखवेल, ते चालतं. पण भार लावल्यावर ४५ वर आलं तर मशीन उचलू नका. आमच्या मशीनसमोर हे दोन रॉड ठेवले असते तर एका मिनिटात सोंग उघडं पडलं असतं. जो विक्रेता ही परीक्षा घेऊ देत नाही, त्याच्याशी पुढे बोलणंच नको.

पैशांपेक्षा मला जास्त संताप येतो तो त्या मुलाने 'फुकट' दिलेल्या एका वस्तूचा. मशीनसोबत त्याने एक वायर दिली होती, दोन्ही टोकांना पिन असलेली. म्हणाला, "एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटला लावा, अख्खं घर चालतं. चेंजओव्हरचा खर्च कशाला?" (चेंजओव्हर म्हणजे घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर, दोन्हींपैकी एकच जोडणारा स्विच.) ही वायर माणसं मारते. मेन स्विच चालू राहिला तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, डीपीतला ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने काम करतो आणि बंद समजल्या जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या तारेत जीवघेणी वीज शिरते. निसर्गनंतर बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले लाइनमन आमच्या गावात चिखलात उभे राहून खांब उभे करत होते, कुणाच्या तरी घरचा डबा खाऊन पुन्हा वर चढत होते. त्यांच्यापैकी एकाचा हात आमच्या घरातून गेलेल्या विजेला लागला असता तर? आमच्या वायरमनने ती वायर पाहिल्याबरोबर पक्कडने तिचे तुकडे केले. जनरेटर घरच्या वायरिंगला जोडायचा तर चेंजओव्हर स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. तेवढे पैसे नसतील तर फ्रिज आणि पंप सरळ जनरेटरच्या सॉकेटवरून चालवा.

दुसरं खोटं तितकंच भयंकर. "धूर येत नाही काका, पावसात पडवीत ठेवला तरी चालतो." पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही. पडवीत, गॅरेजमध्ये, खिडकीखाली जनरेटर कधीही ठेवू नका. घरापासून चांगला लांब, मोकळ्यावर, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला करून. पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा हवा, पण चारही बाजू उघड्या.

बिलाबद्दल लिहायलाच हवं, कारण बिल पक्कं होतं, असं आम्हाला वाटत होतं. छापील, शिक्क्याचं, १८ टक्के जीएसटी दाखवणारं, पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर असलेलं. सुरुवातीचे दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्राचे, तेही बरोबर. नंतर भाच्याने जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो नंबर टाकला तर निघालं दुसऱ्याच जिल्ह्यातलं कापडाचं दुकान, नोंदणी रद्द झालेली. त्या बिचाऱ्या दुकानदाराचा याच्याशी काही संबंध असेल असं वाटत नाही, त्याचा नंबर उचललेला. ही तपासणी मोबाइलवर, दुकानात उभ्या-उभ्या, फुकट करता येते. नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की नाही, सगळं दिसतं. पैसे क्यूआर कोडवर घेतले, तेव्हा पडद्यावर दुकानाचं नाही, कुणा व्यक्तीचं नाव आलं होतं. विचारल्यावर "मामांचं खातं आहे" हे उत्तर तयार होतं.

अजून एक खूण या मशीनवर नव्हती. पेट्रोल जनरेटर भारतात विकायचा तर त्याच्या आवाजाची आणि धुराची मान्यता घ्यावी लागते. अशी मान्यता देणाऱ्या संस्थांत आपल्या पुण्याची एआरएआय आहे. मान्यता मिळालेल्या मशीनवर तसं लेबल असतं: पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ प्रमाणे असल्याचा उल्लेख, टाइप अप्रूव्हलचा क्रमांक, तयार झाल्याची तारीख. 'कस्टमचा लॉट' म्हणवणाऱ्या मालावर हे बहुधा सापडणार नाही, आणि 'स्टिकर पावसात गळून पडला' हे उत्तर कुणी दिलं तर तिथून निघा.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, पूर्वीचं ४२०. ज्या खात्यात पैसे गेले ते शोधलं तर खातेदार भलताच निघाला, तपास तिथेच अडकला आहे. विक्रेत्याचं पक्कं दुकान आणि पत्ता असेल तर तुमची बाजू बरीच बळकट असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. मोबाइलवर जाहिरात पाहून आगाऊ पैसे पाठवले आणि माल आलाच नाही, तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि मशीन संतापाच्या भरात भंगारात देऊ नका, नवं वायंडिंगही लगेच भरून घेऊ नका. उघडलेल्या मशीनचे, खरवडलेल्या तारेचे, बोअर मोजतानाचे फोटो काढा. कारागिराकडून त्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह लिहून घ्या. खोटा आकडा छापलेला स्टिकर तर सोलूच नका, तक्रारीत तोच मुख्य पुरावा आहे.