घनता मोजण्याचा संच: काटा ठेवा, तोटीचा डबा बाजूला सारा

प्रयोगासाठी मिळणाऱ्या घनता-संचांत साधारण एवढ्याच वस्तू असतात: तोटीचा डबा, 100 मिलीचा मेजरिंग सिलिंडर, प्लॅस्टिकचा व्हर्नियर (बारीक लांबी मोजायचं साधन), 200 ग्रॅम क्षमतेचा आणि 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा, आणि 20 मिमीचे धातूचे नि लाकडाचे ठोकळे. माहितीपत्रकात मान तोटीच्या डब्याला असतो. संचातली सगळ्यात कच्ची वस्तू मात्र तीच आहे.

डबा काठोकाठ भरायचा, थेंब थांबले की तोटीखाली सिलिंडर धरायचा, ठोकळा सोडायचा आणि सांडलेलं पाणी मोजायचं. वाचायला सोपं. पण पाणी तोटीच्या कडेला पृष्ठताणामुळे अडतं आणि दर वेळी वेगळ्या पातळीवर थांबतं. डब्याचा व्यास 7.5 सेंमी असेल तर पातळीतला एक मिलिमीटर फरक म्हणजे जवळपास 4.4 मिली पाणी. 20 मिमीच्या ठोकळ्याचं घनफळ असतं फक्त 8 घन सेंमी! पातळी अर्धा मिमी चुकली तरी पाव हिस्सा उत्तर हातचं गेलं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की तोटी बरीच सुधारते, पण पुरती नाही. मूठभर दगडांसारख्या मोठ्या वस्तूंसाठी डबा चालेल, ठोकळ्यांसाठी नाही.

सिलिंडर ठीक आहे. एक मिलीच्या रेघा आहेत, त्यामुळे अर्ध्या मिलीपर्यंत अंदाज बांधता येतो. वाचन दोनदा घ्यायचं असल्यामुळे चूकही दोनदा शिरते. डोळा पातळीच्या रेषेत आणा. काचेच्या सिलिंडरमध्ये खोलगट कडेचा तळ वाचायचा. पॉलिप्रॉपिलीनच्या सिलिंडरमध्ये पाण्याची कड जवळपास सपाट असते, तिथे खोलगट भाग शोधत बसू नका.

व्हर्नियर 0.1 मिमी दाखवतो. बाजूतली अर्ध्या टक्क्याची चूक घनफळात दीड टक्का होते. शिवाय ठोकळ्याच्या कडा घासलेल्या असतात, म्हणून बाजू × बाजू × बाजू नेहमी थोडं जास्तच येतं.

आता काटा. खरी किंमत त्याचीच. पातळ प्लॅस्टिकचा अरुंद पेला (आतला व्यास 5 सेंमीच्या आसपास) काट्यावर ठेवा, साधारण 70 मिली पाणी घाला आणि टेअर (आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबा. ठोकळा दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काट्यावर जे ग्रॅम दिसतील, तेच घन सेंमीतलं घनफळ, कारण काट्यावर वाढतं ते फक्त ठोकळ्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, आणि एक घन सेंमी पाणी जवळपास एक ग्रॅम भरतं. मग तोच ठोकळा अलगद तळाला टेकवून दोरा सैल सोडा. आता दिसेल ते त्याचं वस्तुमान. तांब्याच्या ठोकळ्याला साधारण 8.0 आणि 71.7 असे आकडे यायला हवेत. वस्तुमान भागिले घनफळ, म्हणजे घनता, 8.96 ग्रॅम प्रति घन सेंमी. एका टेअरमध्ये दोन्ही मापं निघतात, आणि माहितीपत्रकात याचा उल्लेखही नसतो.

इथे काय काय बिघडतं? काचेचा जड बीकर घेतला तर काच, पाणी आणि तांबं मिळून 200 ग्रॅम ओलांडतात आणि काटा ओव्हरलोड दाखवतो. सुती दोरा पाणी पितो, बारीक तंगूस घ्या. ठोकळ्याला चिकटलेले बुडबुडे घनफळ फुगवतात, म्हणून आधी ओल्या बोटाने पुसून मगच बुडवा. स्वस्त काटे अगदी सावकाश होणारा बदल शून्यातच गिळतात, त्यामुळे ठोकळा मिलिमीटर-मिलिमीटर न उतरवता एका दमात बुडवा. आणि काटा आपोआप बंद झाला तर टेअर गेलं, ठोकळा बाहेर काढून पुन्हा सुरुवात.

पाणी 30 अंश सेल्सिअसला असेल तर त्याची घनता 0.9957. ती सोडली तर उत्तर अर्ध्या टक्क्याहून कमी हलतं, तेव्हा एक टक्क्यापर्यंतच अचूकता हवी असेल तर तिकडे दुर्लक्ष करा.

लाकूड तरंगतं. बारीक सुईने जेमतेम पाण्याखाली दाबा आणि तेव्हाचं वाचन घ्या. दाब हाताचा असला तरी काट्यावर येतं ते पूर्ण बुडालेल्या लाकडाने सारलेल्या पाण्याचंच वजन. वस्तुमान मात्र आधी कोरडं असतानाच घ्या. लाकूड पाणी शोषतं, तेव्हा पटकन वाचा किंवा आधी वॉर्निशचा पातळ हात द्या. मीठ-साखरेचे खडे पाण्यात विरघळतात, त्यांना तेल वापरा आणि आलेलं वाचन त्या तेलाच्या घनतेने भागा.

संचातल्या पितळेच्या ठोकळ्यावर एकच ठाम आकडा छापलेला दिसला तर त्यावर भिस्त ठेवू नका. मिश्रणाप्रमाणे पितळ साधारण 8.4 ते 8.7 असतं. ताळा जमवायला अ‍ॅल्युमिनियम (2.70) किंवा तांबं बरं. पूर्ण संच घ्यायची गरज नाही: काटा, तंगूस आणि दोन ठोकळे सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या.