ब्राउझरमधील ब्रेकआउट: माउस हाताशी असेल तरच

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सव्वीस वर्षे लेथ चालवणाऱ्या माणसाने संगणकावरील खेळाचे परीक्षण लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु हा खेळ मुळात हाताने फिरवायच्या गोल मुठीसाठी रचलेला आहे, आणि चाक किती फिरवले म्हणजे समोरची वस्तू किती सरकते, याचा हिशेब करण्यातच माझे आयुष्य गेले आहे. ॲप उतरवावे लागत नाही, नोंदणी करावी लागत नाही आणि संकेतस्थळ उघडताच खेळ सुरू होतो, अशी ब्रेकआउटची एक विनामूल्य आवृत्ती गेले तीन आठवडे मी कारखान्याच्या ऑफिसातील जुन्या संगणकावर, जेवणाच्या सुट्टीत खेळलो. हा अभिप्राय त्या आवृत्तीविषयी आहे.

पडद्याच्या तळाशी एक आडवी फळी, वर विटांच्या आठ रांगा आणि मध्ये उसळणारा एक चेंडू, एवढीच मांडणी आहे. अटारी कंपनीने १९७६ साली हा खेळ नाणे टाकून खेळायच्या यंत्राच्या रूपात बाजारात आणला. त्याआधी १९७२ मध्ये आलेल्या पाँग या खेळामध्ये चेंडू टोलवायला समोर दुसरा खेळाडू लागत असे; अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल आणि अभियंते स्टीव्ह ब्रिस्टो यांनी त्याच्या जागी विटांची भिंत उभी केली आणि एकट्याने खेळता येईल असा खेळ तयार झाला. त्याचा नमुना बनवण्याचे काम स्टीव्ह जॉब्ज यांच्याकडे आले. प्रत्यक्षात ते त्यांचे मित्र स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी चार दिवसांत, अत्यंत कमी चिप वापरून पूर्ण केले. ती रचना इतकी आटोपशीर होती की अटारीला ती कारखान्यात तशीच उत्पादनासाठी घेता आली नाही. हातखंडा कारागिराने केलेली जोडणी दुसऱ्याला उलगडत नाही, हा अनुभव आमच्याकडेही नवा नाही.

मूळ यंत्राचा पडदा कृष्णधवल होता आणि विटांना रंग यावा म्हणून काचेवर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावलेल्या असत. या आवृत्तीत रंग अर्थातच खरे आहेत, पण त्यांचा क्रम जुनाच ठेवला आहे: खालून पिवळा, हिरवा, नारिंगी आणि सर्वांत वर तांबडा, प्रत्येकी दोन रांगा. विटेमागे अनुक्रमे १, ३, ५ आणि ७ गुण मिळतात. एका रांगेत १४ विटा असल्याने पूर्ण भिंतीचे ४४८ गुण होतात, आणि अशा दोन भिंती फोडल्या की ८९६ वर खेळ संपतो. चेंडू तांबड्या रांगा भेदून वरच्या कडेला आदळला की फळी निम्मी होते, हा छळही रचनाकाराने प्रामाणिकपणे जपला आहे. १९८६ च्या अर्कनॉइडपासून या जातीच्या खेळांत विटांमधून गळणाऱ्या बक्षिसांची जी रेलचेल झाली, ती येथे नाही, आणि त्याचे मला समाधान आहे.

आता मुख्य मुद्दा. माउसने खेळताना हात जेथे जातो तेथे फळी जाते. लेथवर हत्यार आडवे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचे चाक नवे असताना जसे वागते, अगदी तसे. फळीच्या कडेवर चेंडू घेतला तर तो तिरका सुटतो, मध्यावर घेतला तर उभा जातो, आणि हे साधण्यासाठी अर्ध्या बोटाएवढा फरकही पुरतो. कीबोर्डच्या बाणांनी मात्र फळीला फक्त ‘चालत राहा’ आणि ‘थांब’ एवढेच सांगता येते. किती अंतर जायचे हे कळ किती वेळ दाबली यावर ठरते, त्यामुळे चेंडूचा वेग वाढला की फळी नेमकी दोन बोटे पुढे निघून जाते. झिजलेल्या यंत्राचा बॅकलॅश, म्हणजे चाकाची ढिलाई, निदान सवयीने ओळखता येतो, याला तोही इलाज नाही. मोबाइलवर खेळून पाहिले, तेव्हा फळी माझ्याच अंगठ्याखाली झाकली गेली. लॅपटॉपच्या टचपॅडवर बोट कडेला पोहोचते, ते उचलून पुन्हा ठेवेपर्यंत चेंडू खाली गेलेला असतो.

माउसवरही एक दोष उरतो. खेळाची चौकट ओलांडून बाण बाहेर गेला की फळी जागीच थांबते, आणि घाईत क्लिक झालेच तर शेजारची जाहिरात उघडते. बाणाला चौकटीत अडकवून ठेवण्याची सोय ब्राउझरमध्ये उपलब्ध असताना ती वापरलेली नाही, याला हलगर्जीपणाच म्हणावे लागेल.

याहून गंभीर चूक भाच्यामुळे उघडकीस आली. तो राजारामपुरीहून आपला महागडा गेमिंग लॅपटॉप घेऊन आला, खेळ उघडला आणि दहाव्या सेकंदाला म्हणाला, “मामा, ह्यो चेंडू लई पळतोय की!” माझ्या संगणकाचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, त्याचा १४४ वेळा. प्रत्येक चित्रागणिक चेंडू ठरावीक अंतर पुढे ढकलायचा, असे या आवृत्तीत लिहिलेले असावे; म्हणून त्याच्याकडे तोच चेंडू जवळजवळ अडीचपट वेगाने धावत होता. दोन चित्रांच्या मध्ये किती वेळ गेला हे मोजून अंतर ठरवले असते, तर दोन्ही यंत्रांवर खेळ सारखा चालला असता. पडद्याची गती ६० वर आणल्यावर भाच्याचे गाऱ्हाणे मिटले, मात्र हे खेळणाऱ्याने करायचे काम नव्हे.

आवाज साधा ‘टक्’ असा असून बंद करता येतो. सर्वोच्च गुणांची नोंद त्याच ब्राउझरच्या साठ्यात राहते; आमच्या हिशेबनीसांनी साठा साफ केला आणि माझे ६१२ गुण त्यात गेले.

ज्यांना खेळायचा आहे त्यांना एक युक्ती सांगतो. भिंत सरसकट फोडत बसू नये. एका कडेला अरुंद बोगदा पाडावा आणि चेंडू त्यातून वर घालवावा. मग तो छत आणि तांबड्या विटांच्या मध्ये आपोआप आदळत राहतो, ७-७ गुणांची रास पडत जाते आणि आपण हात माउसवर ठेवून नुसते बघत बसायचे. खाली परतताना तो भलत्याच वेगात असतो आणि फळी तोवर निम्मी झालेली असते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.