क्वाड स्केट चांगले, सोबतचे नीपॅड बोगस

शाळेत मी कबड्डी खेळायचे, उजव्या कोपऱ्यात. आता चाळिशी आली, उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचे हिशेब लिहिते. दिवाळीत भाचीनं मोबाइलवर बायकांची रोलर डर्बी दाखवली, म्हणजे पायात चाकांचे स्केट घालून लंबगोल ट्रॅकवर फेऱ्या मारत खेळायचा धडकाधडकीचा खेळ, आणि डोक्यातून जाईनाच. दोन्हीकडं पाच-पाच जणी. हेल्मेटवर चांदणी असते ती जॅमर. समोरच्या चौघींच्या गर्दीतून एकदा निसटायचं, मग पुढच्या फेरीपासून जितक्या जणींना मागं टाकेल तितके गुण. डाव जास्तीत जास्त २ मिनिटांचा. पण जी जॅमर नियमात राहून आधी बाहेर पडली, ती कमरेवर हात आपटून डाव मोडू शकते. गुण पदरात पडले की मध्यरेषेकडं पळणारी आपली रेडरच की! खांद्यानं, कमरेनं धडक चालते, हातात हात गुंफून अडवलं की दंड. साखळीची सवय असलेल्या माझ्यासारखीला हे लय अवघड.

तर स्केट. दुकानदारानं विचारलं, "ताई, पोरीचा साइज काय?" म्हटलं, "पोरीचा न्हवं, माझा." आधी एका रांगेत चाकं असलेले इनलाइनच दाखवत होता. डर्बीला पुढं दोन, मागं दोन चाकांचे क्वाड लागतात, पुढं रबरी स्टॉपरसकट. शेवटी माळ्यावरनं एक जोडी निघाली. ४,८०० रुपये, नीपॅड-एल्बोपॅडचा सेट फुकट.

बूट घोट्याला घट्ट धरतो, शिवण अजून उसवलेली नाही. चाकं मात्र कडक: पार्किंगच्या शहाबादी फरशीवर झकास, डांबरी रस्त्यावर दात वाजतात. उजव्या पायाचा स्टॉपर तिसऱ्याच दिवशी ढिला झाला, वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी स्प्रिंग वॉशर घातला, तेव्हापासून हललेला नाही. बेअरिंग बघून तेच म्हणाले, "मॅडम, हे तर ६०८ साइजचे." जोडीला १६ लागतात. स्केटचे म्हणून वेगळे मागू नका, उद्यमनगरात कुठल्याही बेअरिंगवाल्याकडं मिळतील.

माझा राग आहे नीपॅडवर. या खेळात पळायच्या आधी पडायला शिकतात: एका गुडघ्यावर घसरायचं, मुठी मिटून, नाहीतर बोटांवरनं कुणाची तरी चाकं जायची. दुसऱ्याच रविवारी डाव्या नीपॅडची वाटी तडकली. आतला फोम भाकरीएवढा जाड. दुकानदार म्हणाला, "ते फुकट दिलेलं, बदलून कसं देऊ?" गुडघा माझा फुकटचा न्हवं, म्हटलं, आणि जाड वाटीचे वेगळे मागवले. आठवडाभर जिना उतरताना सासूबाई माझ्याकडं बघून हसत होत्या, ते वेगळंच.

स्केटला पाचापैकी चार, सेटला शून्य. मनगटाचे गार्ड आणि माउथगार्ड त्यात नाहीतच, तेही डर्बीला लागतात. आणि मापाला जाताना जाड मोजे घालून जा. मी चपलेवर गेले होते, दुकानातले पातळ मोजे घालून माप दिलं, आता अंगठा पुढं टेकतो.