इंजिन जाम नव्हते. माझे 730 डॉलर मात्र गेले

अमेरिकेत ज्यांचे आवार मोठे आहे आणि गॅरेजमध्ये रायडिंग मोवर (बसून चालवायचे गवत कापायचे यंत्र) आहे, त्यांना घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्यांच्या जाहिराती नव्या नाहीत. अशाच एकाने माझ्याकडून तपासणीचे 95, नव्या स्टार्टरचे 185 आणि 'जाम झालेल्या' इंजिनाऐवजी दुसरे आणण्यासाठी आगाऊ 450 डॉलर घेतले. इंजिन आले नाही आणि तोही पुन्हा फिरकला नाही.

किल्ली फिरवली की इंजिन जेमतेम फिरे आणि कॉम्प्रेशनपाशी, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जाते तिथे, अडून थांबे. नव्या स्टार्टरनेही ते तिथेच अडले. मग त्याने माझ्यासमोर स्पार्क प्लग काढून किल्ली फिरवली, तेव्हा तेच इंजिन भरभर फिरले. संशय यायला हवा होता तो त्याच क्षणी! प्लग काढल्यावर मोकळे फिरणारे इंजिन आतून जाम कसे असेल? अडथळा केवळ कॉम्प्रेशनचा आहे, हे त्या चाचणीने उघड केले होते आणि त्यालाही ते नक्कीच कळले होते. तरीही तो ठामपणे 'क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) गेला' म्हणाला. ज्याने कधी इंजिन उघडलेले नाही, त्याने कारागिराच्या शब्दावर विसंबून राहण्यात गैर काय होते?

दुसऱ्या मेकॅनिकने व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली वाढलेली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मापावर आणली आणि 80 डॉलर घेतले. अशा एक-सिलिंडर इंजिनात सुरू होताना व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरचा छोटा उंचवटा व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब कमी करतो. फट वाढली की तो व्हॉल्व्ह पुरेसा उचलला जात नाही आणि इंजिन दाबापाशीच अडते. म्हणून नवे इंजिन घ्या असे कोणी म्हटले, तर आधी ही फट मोजायला लावा.

पोलिसांनी हा दिवाणी वाद ठरवून हात झटकले. पैसे तुम्हीच पाठवलेत, असे बँकेचे उत्तर आले. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डानेच द्या, तिथे निदान लेखी वाद नोंदवता येतो. राज्याच्या ग्राहक कार्यालयाने तर समोरच्याने उत्तर दिले नाही म्हणून प्रकरण बंद केले, म्हणजे गप्प बसणाऱ्याची सुटका आणि पावत्या जोडणाऱ्याला कोरडे पत्र! छोट्या दाव्यांच्या न्यायालयात नोटीस बजावायला त्याचा पत्ता हवा, आणि तो शोधून द्यायला कोणीच तयार नाही. नंबरप्लेटचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. काढलेला जुना भागही नेऊ देऊ नका. माझा बहुधा धडधाकट असलेला जुना स्टार्टर तो माणूस जाताना स्वतःच्या गाडीत टाकून घेऊन गेला.