बोलँजे स्पेशल क्युव्हे: आठ महिने, सहा बाटल्या

लेबल वाचून आपण बॉलिंजर म्हणतो. फ्रेंच उच्चार बोलँजेच्या जवळचा. सहा बाटल्यांनंतरचं मत एवढंच की ही शॅम्पेन गारठवून, हातात चषक घेऊन उभ्या उभ्या संपवायची नाही. ती जेवणाच्या ताटाशेजारी शोभते, आणि त्याचं कारण मळ्यातच आहे.

फ्रान्सच्या शॅम्पेन भागात, मार्न खोऱ्यातल्या आय गावात 1829 साली हे वाइन बनवणारं घराणं सुरू झालं. बरीच मोठी घराणी द्राक्षं मुख्यतः विकत घेतात. यांचे मात्र स्वतःचे सुमारे 180 हेक्टर मळे आहेत. आय आणि वेर्झने गावांचा पिनो न्वार (काळी द्राक्षं), क्वी गावचा शार्दोने (पांढरी). मिश्रणात साधारण 60 टक्के पिनो न्वार, 25 शार्दोने, 15 मनिए (हीही काळी). काही रस जुन्या ओक पिंपांत आंबतो. पिंपं जुनीच का? नवं लाकूड व्हॅनिलाचा वास सोडतं, जुनं फक्त जराशी हवा लागू देतं. राखीव वाइन, म्हणजे मिश्रणासाठी मागे ठेवलेली आधीच्या वर्षांची वाइन, दीड लिटरच्या मॅग्नम बाटल्यांत, खऱ्या बुचाखाली वर्षानुवर्षं मुरते. चषकात भाजलेलं सफरचंद, अक्रोड, पावाचा कडक पापुद्रा जाणवतो तो यामुळे.

आयमधल्या मळ्याचे दोन छोटे तुकडे अजून स्वतःच्याच मुळांवर आहेत, दुसऱ्या खुंटावर (मुळाकडच्या भागावर) बांधलेले नाहीत; तिथे वेलाची फांदी मातीत दाबून नवा वेल वाढवतात. त्यांची वाइन वेगळी निघते, किंमत विचारू नका. बुझीतला तिसरा तुकडा 2004 मध्ये मुळांवर हल्ला करणाऱ्या फिलॉक्सेरा किडीनं गेला. नाशिक-सांगलीचा बागायतदार डॉगरिज खुंट वापरतो तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. शॅम्पेनमध्ये खुंट आला तो या किडीमुळे.

आता वापराचं. अर्धं बर्फ, अर्धं पाणी भरलेल्या बादलीत 25 ते 30 मिनिटं पुरतात; नुसत्या बर्फात जास्त वेळ लागतो, कारण बाटलीला बर्फ सगळीकडून टेकत नाही. फ्रीझरमध्ये ठेवू नका. 8 ते 10 अंशांना वास खुलतो, 5 अंशांना फक्त आंबटपणा आणि बुडबुडे उरतात. तारेची जाळी सहा अर्ध्या वळशांनी सुटते. पहिल्या वळशापासून अंगठा बुचावर हवा, आत बाहेरच्या हवेच्या सुमारे सहापट दाब असतो. बूच धरून ठेवायचं, फिरवायची बाटली. फेस उसळून सांडला तर बाटली कोमट होती किंवा हलली होती, असं समजा.

निघालेलं बूच जरूर पाहा. खालून लगेच फुगलं तर बाटलीतला यीस्टचा गाळ काढून हे बूच लावल्याला फार काळ झालेला नाही. सडपातळ राहिलं, तर बाटली बुचासकट बराच काळ पडून होती. सहापैकी एक अशी निघाली: रंग गडद, फेस लुळा, चव शिळ्या सफरचंदाची. दुकानाच्या काचेत, दिव्याखाली उभी ठेवलेली बाटली म्हणूनच घेऊ नये. घरीही मे महिन्यात स्वयंपाकघराच्या फळीवर नको. एसी खोलीचं अंधारं कपाट काही आठवडे चालेल, पुढे वाइनचा फ्रिजच हवा.

चषक निमुळत्या तोंडाचा, पण पोट असलेला घ्या, आणि साबणाचा अंश राहू देऊ नका, त्यानं फेस मरतो. सोबत तळलेली सुरमई किंवा कोथिंबीर वडी उत्तम. ठेचा नको, बुडबुड्यांनी तिखट दुप्पट झोंबतं. उरली तर मानेत चमचा अडकवून उपयोग नाही. पकड असलेलं झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दुसऱ्या दिवशी फेस कमी पण चव शाबूत असते.